कॅम बदलल्यानंतर आलेला गिअरचा आवाज: सोलापुरातील एका बुलेटचे प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी जुन्या बनावटीची, ओतीव लोखंडी सिलिंडरची बुलेट ३५० आहे. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर आणि घनफळ ३४६ सीसी. मालक सोलापुरात यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर आहेत. माग लावणे, बिघडला तर तो दुरुस्त करणे आणि चालू मागाच्या आवाजावरून काय सैल झाले ते ओळखणे हे जॉबरचे रोजचे काम असते. त्यांच्या या सवयीने पुढे निदानाला मदत केली, म्हणून त्यांचा व्यवसाय सुरुवातीलाच सांगितला. त्यांची ओळख पटेल असे बाकीचे तपशील वगळले आहेत.

हिवाळ्यापासून गाडीची ओढ कमी झाली होती. तुळजापूरच्या घाटात जिथे पूर्वी वरचा गिअर चालत असे, तिथे एक गिअर उतरावे लागत होते आणि कार्बोरेटरमधून मधूनमधून फटफट असा उलटा आवाज येत होता. एका कारागिराने इंजिन उघडून पाहिले, तेव्हा एक्झॉस्ट कॅमचे, म्हणजे जळलेला वायू बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या भागाचे, नाक (फुगीर टोक) झिजलेले आणि त्यावर टेकणाऱ्या टॅपेटच्या, म्हणजे कॅमचा धक्का वर पोहोचवणाऱ्या भागाच्या, तळव्याला खड्डे पडलेले आढळले. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरेसा उघडत नव्हता आणि जळलेला वायू पूर्ण बाहेर पडत नव्हता, त्यामुळे ते निदान बरोबर होते. दुरुस्तीही तर्काला धरूनच होती: नवा एक्झॉस्ट कॅम व नवे टॅपेट बसवायचे आणि चांगल्या स्थितीतला इनलेट कॅम (मिश्रण आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा) तसाच ठेवायचा. खर्च निम्मा होणार होता, म्हणून मालकांनीही त्याला संमती दिली.

या इंजिनाची रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. इनलेट आणि एक्झॉस्ट असे दोन स्वतंत्र कॅम असून प्रत्येक कॅमचे दातेरी चाक त्याच तुकड्याचा भाग असते. क्रँकवरील, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य शाफ्टवरील, लहान पिनियन (दातेरी चाक) एका कॅमचे चाक फिरवते आणि ते चाक दुसऱ्या कॅमचे. दोन्ही कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतात. साहजिकच दोन्ही कॅमच्या चाकांवर दात्यांची संख्या सारखी असते आणि ती दोन्ही चाके उजव्या बाजूच्या टायमिंग कव्हरमागे बसतात. गिअरबॉक्सचा त्यांच्याशी संबंध नसतो. या गाडीत तो इंजिनापासून वेगळा आहे.

समस्या

कॅम बदलल्यावर ओढ परत आली, पण त्याच दिवसापासून नवा आवाज सुरू झाला. सकाळी थंड इंजिनावर बारीक सूं असा, फेऱ्यांबरोबर चढत जाणारा आवाज येई. गाडी वीसेक मिनिटे चालली की तो विरे आणि त्याच्या जागी, विशेषतः सिग्नलला गाडी मंद चालू असताना, खडखड सुरू होई. ॲक्सिलरेटर दिला की खडखड थांबे आणि सोडला की परत येई. मे महिन्यात सोलापुरात दुपारचा पारा ४० अंशांच्या वर असतो, त्यामुळे शहरातल्या फेऱ्यांत हा दुसरा आवाज जवळपास सततचा झाला होता.

आधीच्या कारागिराने तीन उपाय केले. पहिल्यांदा “नवा पार्ट आहे, चालवा, सेट होईल” असे सांगितले. मग अधिक जाड ऑइल घातले. शेवटी टॅपेटचे ॲडजस्टर घट्ट केले. तिसऱ्या उपायानंतर आवाज थोडा दबला, पण तापलेली गाडी किकला उठेनाशी झाली, आणि त्या अवस्थेत मालक ती आमच्याकडे घेऊन आले. “गिअर वाजतोय बघा, कुठला ते तुम्ही सांगा,” एवढेच त्यांचे म्हणणे होते.

पहिला निर्णय: कोणता गिअर?

गिऱ्हाईक “गिअर” म्हणते तेव्हा कारागिराचे लक्ष सवयीने गिअरबॉक्सकडे जाते. इथे कॅमचे काम नुकतेच झाले असल्यामुळे टायमिंगकडे बोट दाखवणे सोपे होते, तरीही एखादे काम झाल्यानंतर सुरू झालेला आवाज त्याच कामामुळे आला असे गृहीत न धरता आम्ही आधी गिअरबॉक्सची शंका फेडून घेतली. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून क्लच दाबला. क्लच दाबल्यावर गिअरबॉक्समधील शाफ्ट थांबतात, इंजिन आणि प्रायमरी चेन मात्र फिरत राहतात. आवाजात काहीही फरक पडला नाही, म्हणून गिअरबॉक्स बाजूला ठेवला. नंतर लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून त्याचे टोक डाव्या चेनकेसवर, सिलिंडरवर, टॅपेटच्या झाकणाजवळ आणि टायमिंग कव्हरवर क्रमाने टेकवले. आवाज सर्वांत स्पष्ट टायमिंग कव्हरवर होता.

टॅपेट ताबडतोब योग्य स्थितीत आणले. थंड इंजिनावर, कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकाला पिस्टन असताना पुशरॉड (टॅपेटचा धक्का वर व्हॉल्व्हकडे नेणारा लांब दांडा) बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. या गाडीचा एक्झॉस्ट पुशरॉड बोटांनी फिरतच नव्हता. अशा स्थितीत तापल्यावर व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळते आणि व्हॉल्व्हची उष्णता बैठकीत उतरायला वाट न मिळाल्याने व्हॉल्व्ह जळतो. गरम गाडी किकला न उठण्याचे कारण हेच होते. टॅपेट मोकळे केल्यावर तो त्रास गेला आणि खडखड पूर्ण जोराने परत आली. मला त्याचे समाधान वाटले, कारण आता आवाज त्याच्या खऱ्या स्वरूपात ऐकू येत होता.

पहिले माप आणि त्यातली माझी चूक

टायमिंग कव्हर उघडले. खुणेचे ठिपके जुळलेले होते, दाते तुटलेले नव्हते, स्पिंडल (कॅम ज्यांवर फिरतात ते आस) घट्ट होते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टूलरूममधून शंभरांश मिलिमीटर दाखवणारा डायल गेज मागून आणला आणि बॅकलॅश, म्हणजे एक चाक धरून ठेवले असता दुसऱ्या चाकाचा दाता जेवढा हलतो ती मोकळीक, मोजली. दोन कॅमच्या चाकांमध्ये ती ०.०९ मिलिमीटर आली. एवढी मोकळीक अशा चाकांना साजेशी असल्यामुळे मी चाके निर्दोष ठरवली आणि संशय पिस्टन व बिग-एंडकडे (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडील बेअरिंगकडे) वळवला.

ही चूक होती आणि तिच्यात आमचा एक दिवस गेला. मी एकाच जागी माप घेतले होते. पिस्टनचा खडखडाट थंड इंजिनात जास्त असतो आणि इंजिन तापल्यावर कमी होतो, इथे नेमके उलट घडत होते. बिग-एंडचा ठोका भाराखाली वाढतो, इथे भार दिल्यावर आवाज थांबत होता. ही दोन्ही निरीक्षणे माझ्यासमोर होती. तरीही गेजवर वाचलेला एक आकडा मी त्यांच्यापेक्षा वजनदार मानला.

मालकांचे निरीक्षण

दुसऱ्या दिवशी बिग-एंड तपासण्यासाठी प्लग काढून, गाडी मधल्या स्टँडवर आणि टॉप गिअरमध्ये ठेवून मागचे चाक हाताने हळूहळू फिरवत होतो. मालक उकिडवे बसून उघड्या टायमिंगकडे पाहत होते आणि त्यांनी दोन बोटे केसवर टेकवलेली होती. प्लगच्या भोकात सोडलेली पातळ काडी पिस्टनबरोबर वर-खाली होत होती. ती वर आली की ते तेलुगूत “ओकटी, रेंडु” असे मोजत. थोड्या वेळाने ते म्हणाले, “दर दुसऱ्या फेरीला इथं एकाच जागी अडखळतंय. आमच्या बॉटम शाफ्टसारखं.”

साध्या विणीच्या मागावर क्रँक शाफ्ट प्रत्येक पिकला, म्हणजे धोट्याच्या प्रत्येक फेकीला, एकदा फिरतो आणि त्याच्याशी गिअरने जोडलेला बॉटम शाफ्ट दोन पिकना एकदा. ताण्याचे धागे वर-खाली करणारे टॅपेटही त्याच शाफ्टवर असतात. निम्म्या वेगाने फिरणारा, टॅपेट चालवणारा शाफ्ट त्यांच्या हातांना बुलेटच्या कितीतरी आधीपासून ओळखीचा होता.

मी हरकत घेतली की ती व्हॉल्व्हच्या स्प्रिंगची ताकद असेल, कारण तीही कॅमच्या प्रत्येक फेरीत ठरलेल्या जागी जाणवते. त्यांनी मान हलवली. “स्प्रिंगचा जोर रबरासारखा चढतो आणि उतरतो. हे खडा लागल्यासारखं आहे.” वाद मिटवायचा मार्ग एकच होता. टाकी व रॉकरची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या हातांची) झाकणे उतरवून दोन्ही पुशरॉड काढले. स्प्रिंगचा संबंध संपला, अडखळ तिथेच राहिली. या प्रकरणाचे निदान त्या क्षणी झाले असे मी मानतो. त्यानंतर घेतलेली मापे त्याला पुरावा जोडत गेली.

पूर्ण मोजमाप

कॅमच्या एका पूर्ण फेरीचे आठ भाग करून प्रत्येक ठिकाणी बॅकलॅश मोजला. पिनियन व इनलेट कॅमच्या चाकात तो सर्वत्र ०.१० ते ०.१२ मिलिमीटर होता. दोन कॅमच्या चाकांत मात्र एका जागी ०.०३ आणि जवळपास समोरच्या जागी ०.१९ आढळला. माझे पहिल्या दिवशीचे ०.०९ हे या दोन टोकांच्या मधल्या जागेवर घेतलेले माप होते.

मालकांनी जुना झिजलेला एक्झॉस्ट कॅम पिशवीत जपून ठेवला होता. तो परत बसवून तीच आठ मापे घेतली, तेव्हा बॅकलॅश ०.१३ ते ०.१६ आला. जुने चाक झिजलेले असूनही त्याची मोकळीक एकसारखी होती.

याचे कारण दात्यांच्या संख्येत आहे. दोन चाकांचे दाते सारखे असले की एका चाकाचा ठरावीक दाता आयुष्यभर दुसऱ्या चाकाच्या त्याच दात्याला भेटतो. भारही सर्व दात्यांवर सारखा पडत नाही: व्हॉल्व्ह उघडताना कॅमला जोर लावावा लागतो, बंद होताना स्प्रिंगच कॅमला पुढे ढकलते, आणि हे प्रत्येक फेरीत त्याच दात्यांवर घडते. वर्षानुवर्षे चाललेली जोडी अशा रीतीने एकमेकांना सोयीची झिजते. त्यातले एक चाक काढून नवे बसवले की नव्या पूर्ण दात्यांसमोर जुने, कुठे जास्त आणि कुठे कमी झिजलेले दाते येतात. खुणा जुळवणे बंधनकारक असल्यामुळे चाक एक-दोन दाते सरकवून पाहण्याचीही सोय नसते.

झिजेखेरीज नव्या चाकाचाही दोष होता. तो कॅम लेथवर मँड्रेलवर (भोकात घट्ट बसणाऱ्या दांड्यावर) धरून तपासला तेव्हा दात्यांचे वर्तुळ भोकाच्या मध्याशी जुळत नसल्याचे दिसले. डायलची सुई एका फेरीत ०.०८ मिलिमीटर फिरली. दात्यांचा दाबकोन (दाते एकमेकांना ज्या कोनात ढकलतात तो) २० अंश धरला, तर एवढ्या फरकाने बॅकलॅशमध्ये सुमारे ०.०६ मिलिमीटरचा चढउतार येतो. एकूण चढउतार ०.१६ होता, म्हणून उरलेला सुमारे ०.१० जुन्या इनलेट चाकाच्या असमान झिजेतून आला असे म्हणता येते. कॅम खुल्या बाजारातील होता आणि त्यावर बनावटीचा छाप नव्हता.

थंड आणि गरम इंजिनातील आवाजांचा उलगडाही यातच होता. ॲल्युमिनियम एका अंशाला दर मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन प्रसरण पावते, पोलाद सुमारे १२. दोन स्पिंडलमधील अंतर ५० मिलिमीटर आणि तापमानातील वाढ ६० अंश धरली, तर ॲल्युमिनियमचे केस पोलादी चाकांपेक्षा सुमारे ०.०३ मिलिमीटर जास्त फुगते आणि बॅकलॅश आणखी ०.०२ मिलिमीटरच्या आसपास वाढतो. थंड इंजिनात घट्ट जागा दाते घासून सूं करत होती. तापल्यावर ती मोकळी होई आणि आधीच सैल असलेली जागा आणखी सैल होई. मंद चालीत क्रँकचा वेग प्रत्येक स्फोटाबरोबर कमी-जास्त होतो आणि स्प्रिंगही कॅमला आलटून पालटून अडवते व ढकलते, त्यामुळे दाते मोकळीक ओलांडून इकडून तिकडे आपटत होते. ॲक्सिलरेटर दिल्यावर फिरणे एकसारखे होऊन ते आपटणे थांबत होते.

विचारात घेतलेले पर्याय

तशीच गाडी चालवून चाके आपोआप जुळू देणे हा सर्वांत स्वस्त पर्याय होता. मी तो नाकारला, कारण जुळताना निघणारा पोलादाचा कीस त्याच कव्हरमधील ऑइल पंपांत जाणार होता. ग्राइंडिंग पेस्ट लावून चाके घासून घेण्याची पद्धत आमच्या भागात काही ठिकाणी चालते. पेस्टचे कण बुशच्या मऊ धातूत रुतून बसतात व स्पिंडल खात राहतात, म्हणून तोही पर्याय सोडला. काही इंजिनांत विकेंद्री स्पिंडल असतात आणि ते फिरवून चाकांमधील अंतर बदलता येते; या गाडीत ते नव्हते. असते तरी उपयोग झाला नसता, कारण अंतर वाढवले तर सैल जागा अधिक सैल झाली असती आणि कमी केले तर घट्ट जागा अडकली असती.

जुन्या एक्झॉस्ट कॅमचे नाक भरून, घासून पुन्हा वापरण्याचा विचार मालकांना फार आवडला होता, कारण त्यात जुळलेली जोडी कायम राहिली असती. मलाही तो तत्त्वतः पटत होता. पण भरलेल्या धातूचा कडकपणा आणि नाकाचा मूळ आकार या दोन्हींची खात्री देईल असे काम आमच्या आवाक्यात नव्हते, आणि मऊ नाक पहिल्यापेक्षा लवकर झिजले असते. उरले ते दोन्ही कॅम नवे घेणे. त्यात आम्ही एक अट घातली: जोडी दुकानात पसंत करायची नाही, या गाडीच्या केसमध्ये मोजून मगच पैसे द्यायचे.

केलेली कृती

सुट्या भागांच्या दुकानदाराने न वापरता परत करण्याच्या बोलीवर तीन जोड्या दिल्या. पहिली जोडी एका जागी पूर्ण अडकली, तिथे मोकळीक शून्य होती. तिसरीत ०.१२ ते ०.२० असा फरक आला. दुसरीत आठही ठिकाणी ०.०७ ते ०.११ मिळाला आणि पिनियनशी ०.०९ ते ०.१३, म्हणून ती ठेवली. पिनियन जुनाच राहिला. तो बदलावा का यावर आम्ही चर्चा केली, पण त्याच्या दात्यांवर पायरी पडलेली नव्हती आणि मापही समाधानकारक होते.

इनलेटचे टॅपेटही नवे घातले, कारण नव्या कॅमवर जुना तळवा ठेवला तर पहिल्या दुरुस्तीतलीच चूक दुसऱ्या ठिकाणी झाली असती. कॅमच्या नाकांना व तळव्यांना असेंब्ली ग्रीस लावले, जाड ऑइल काढून २०डब्ल्यू-५० भरले आणि फिल्टरच्या खोबणीत आधीच ऑइल ओतले. कव्हर उघडल्यावर पंप कोरडे पडतात, म्हणून गाडी सुरू झाल्याबरोबर रॉकरकडे जाणाऱ्या नळीचा बोल्ट किंचित सैल करून ऑइल वर पोहोचत असल्याची खात्री केली. टॅपेट थंड इंजिनावर लावले आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तपासले.

परिणाम

मालक भर दुपारी तुळजापूरला जाऊन आले, येऊन-जाऊन सुमारे ९० किलोमीटर. खडखड नव्हती. थंड इंजिनात अगदी हलकी सूं राहिली होती, तीही पहिल्या काही दिवसांत ऐकू येईनाशी झाली. ५०० किलोमीटरनंतर ऑइल बदलले तेव्हा ड्रेन प्लगजवळ धरलेल्या लोहचुंबकावर करड्या पिठासारखा थर आला, टोचणारा कीस नव्हता. कव्हर उघडून बॅकलॅश पुन्हा मोजला: ०.०८ ते ०.११. तापलेल्या इंजिनाच्या मंद चालीत बारीक टिकटिक अजून आहे. ती या बनावटीच्या इंजिनाची नेहमीची आहे असे मी मालकांना सांगितले आणि ती दाबण्यासाठी कुणालाही टॅपेट घट्ट करू न देण्याची विनंती केली.

काय वेगळे करता आले असते

पहिल्या कारागिराने झिजलेला कॅम काढण्यापूर्वी जुन्या जोडीची आठ मापे घेतली असती, तर नवा कॅम बसवताच फरक त्याच्या नजरेस आला असता. त्याच्याकडे डायल गेज नव्हता हे खरे आहे, पण सोल्डरची बारीक तार दात्यांमधून फिरवून तिची दाबलेली जाडी मायक्रोमीटरने मोजली तरी काम भागते. दात्याच्या दोन्ही बाजूंना दबलेल्या जाडींची बेरीज म्हणजे मोकळीक. एकच कॅम बदलण्याच्या त्याच्या निर्णयाला मी सरसकट चूक म्हणणार नाही. जुने चाक थोडे चाललेले असते आणि नवा कॅम नीट केलेला असता, तर तो निर्णय निभावून गेला असता. टॅपेट घट्ट करणे मात्र कोणत्याही परिस्थितीत अयोग्य होते, आणि मालक आणखी महिनाभर तशीच गाडी चालवते तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बदलावा लागला असता.

माझ्या बाजूने, पहिल्याच दिवशी चाक पूर्ण फिरवून मोजायला हवे होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मालकांनी आवाजाचे वर्णन पहिल्याच वाक्यात संपवले तेव्हा मी पुढे काही विचारले नाही. तो केव्हा येतो, किती फेऱ्यांनी येतो, हाताला कसा लागतो हे सर्व त्यांना आधीच माहीत होते आणि विचारले असते तर त्यांनी तेव्हाच सांगितले असते. आता आमच्या जॉबकार्डवर आवाजाच्या तक्रारीसाठी चार ओळी मोकळ्या ठेवल्या आहेत आणि त्या गिऱ्हाइकाने स्वतःच्या शब्दांत भरायच्या असतात. बदललेला जुना इनलेट कॅम आणि जुना एक्झॉस्ट कॅम मी एकत्र तारेने बांधून, ठिपके समोरासमोर ठेवून मालकांना परत दिले. भरून घासलेल्या कॅमचे खात्रीचे काम करणारा कुणी सापडला, तर ती जोडी अजून वापरता येईल.